ड्राईव्ह आहे, पण यादीत नाही



बरेच दिवस इकडे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी फोन करून "काका, तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं. माझी तब्येत ठणठणीत आहे. बिघडली होती ती संगणकाची. म्हणजे संगणक चालू होता, पण त्याचा सीडी ड्राईव्ह त्याला दिसेनासा झाला होता. आजच्या काळात सीडी ड्राईव्हसाठी कोण अडून बसतं, असं तुम्ही म्हणाल. मी बसलो. का बसलो ते सांगतो, आणि जाता जाता थोडा इतिहासही सांगतो. पस्तीस वर्षं तोच विषय शिकवला, त्यामुळे साधी केबल बदलली तरी त्याचा इतिहास सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

(नव्या वाचकांसाठी नेहमीचा खुलासा: आमचं कर्जत नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. रायगडमधलं, लोकल जाते ते कर्जत वेगळं. आमच्या गावात रेल्वे नाही, आणि पाऊसही बेताचाच.)

झालं असं की महिन्यापूर्वी एका मुलीचा फोन आला. माझ्या १९९६ च्या दहावीच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याची ही मुलगी, सध्या पिंपरीला नोकरी करते. म्हणाली, "सर, तुम्ही बाबांच्या वर्गाकडून दुष्काळाच्या आठवणी टेप करून घेतल्या होत्या ना? त्यात माझ्या आजीचा आवाज आहे असं बाबा म्हणतात." आजी गेल्या वर्षी वारल्या. शेवटची चार वर्षं अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती. घरात मोबाईल आले, पोरं व्हिडिओ काढायला लागली, तोवर आजींचं बोलणं थांबलं होतं. फोटो पुष्कळ, आवाज कुठेच नाही.

टेप केल्या होत्या हे खरं. १९७२ च्या दुष्काळाला त्या वेळी चोवीस वर्षं होत आली होती. पुस्तकात तेव्हा पानिपत होतं, प्लासी होती, पण ज्या दुष्काळात आमच्या तालुक्यातल्या घराघरातल्या माणसांनी खडी फोडली, तो कुठेच नव्हता. म्हणून मुलांना सांगितलं, आपापल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. शाळेचा टेपरेकॉर्डर, साठ मिनिटांच्या सहा कॅसेटा. पुढे २००५ साली एका स्टुडिओवाल्याकडून त्या सहाही सीडींवर उतरवून घेतल्या. कॅसेटांना नंतर बुरशी लागली, त्या टाकून दिल्या. सहा सीडी मात्र ट्रंकेत होत्या. त्यांच्यावर स्केचपेनने नावं लिहिलेली. चौथ्या सीडीवर या आजी.

मुलीला म्हटलं, "दोन दिवसांत पाठवतो." आणि सीडी घालायला गेलो तर संगणक म्हणतो, ड्राईव्हच नाही!

आमच्या घरात लिनक्स आलं ते या सीडीच्याच दारातून. निवृत्तीला दोनेक वर्षं होती तेव्हा. एमएस-सीआयटी करून झालं होतं, त्यात विंडोज शिकवलेलं. पुण्याचा पुतण्या म्हणाला, "काका, उबुंटू बघा. फुकट आहे, सीडी घरपोच येते." त्या काळी उबुंटूवाले जगभर कुठेही फुकट सीडी पाठवत. ही सोय त्यांनी २०११ च्या एप्रिलमध्ये बंद केली. पोस्टमन पाकीट घेऊन आला तेव्हा किती पैसे द्यायचे असं मीच त्याला विचारलं होतं. फुकट वस्तू परदेशातून कर्जतला येते यावर आमच्या सौ.चा कितीतरी दिवस विश्वास बसला नाही. अजूनही फारसा नाही.

सीडी कशाला, इंटरनेटवरून का उतरवलं नाही, असं आताची मुलं विचारतील. हिशेब करून पाहा. टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट फार फार तर ५६ किलोबिटचं, म्हणजे सेकंदाला ७ किलोबाईट. सीडी ७०० मेगाबाईटची. अखंड लागलं तरी सुमारे २८ तास! आणि भारनियमनाच्या त्या दिवसांत सलग वीज कोणाला मिळत होती? म्हणून लिनक्स आपल्याकडे पसरलं ते सीडींवरून. संगणकाच्या मासिकांसोबत सीडी यायची, ती मित्रांमध्ये फिरायची, तिच्या प्रती निघायच्या. हस्तलिखित पोथ्यांसारखंच. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ ला आपण एक छोटी प्रणाली लिहीत असल्याचं जाहीर केलं, ते काम तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं ते या १२ सेंटिमीटरच्या चकतीवर बसून.

असो. आता बिघाडाकडे.

माझ्याकडे एक वही आहे. २००६ पासून संगणकाचं जे जे शिकलो ते तीत लिहून ठेवलेलं. तीत सीडी जोडायची आज्ञा होती. ती जशीच्या तशी टाइप केली. उत्तर आलं, 'एचडीसी' नावाचं साधन अस्तित्वात नाही. 'सापडलं नाही' नव्हे हं, 'अस्तित्वात नाही'. मी इकडे बटण दाबतोय, ड्राईव्हचा खण बाहेर येतोय, आत जातोय, हिरवा दिवा लुकलुकतोय. आणि संगणक म्हणतोय, असं काही नाहीच.

पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, एकदम लिनक्सला शिव्या देऊ नका. खालून वर या." ही त्याची पद्धत मला फार आवडली, कारण ऐतिहासिक साधनं तपासतानाही हेच करायचं असतं. आधी मूळ कागद खरा का, मग त्यावरची नक्कल खरी का, मग त्यावरून लिहिणाऱ्याचं म्हणणं खरं का. मधली पायरी सोडली की फसगत.

पहिली पायरी वीज. खण उघडतोय, म्हणजे वीज पोचते. पण त्यावरून एवढंच सिद्ध होतं. वीज आणि निरोप यांच्या तारा वेगळ्या असतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसरी पायरी बायोस. संगणक सुरू होताना, लिनक्स जागं होण्याच्या आधी, मदरबोर्ड स्वतःशी हजेरी घेतो. कोणती डिस्क आहे, कोणता ड्राईव्ह आहे. त्या यादीत जायचं (माझ्या संगणकावर 'डिलीट'चं बटण दाबून) आणि बघायचं. तिथे डिस्क होती, ड्राईव्ह नव्हता. म्हणजे दोष लिनक्सचा नव्हताच. लिनक्सच्या खालचा होता. बायोसला दिसत नसेल आणि तिथे त्या जोडणीची जागा बंद करून ठेवलेली नसेल, तर लिनक्समध्ये कितीही आज्ञा दिल्या तरी बहुधा उपयोग नाही. केबल पाहावी.

तिसरी पायरी केबल. इथे थोडा इतिहास हवा. जुन्या संगणकात रुंद, करड्या फितीसारखी केबल असे. तिला ४० टाचण्यांचं तोंड, आणि एका केबलवर दोन साधनं बसत. एक मालक आणि एक गुलाम! खरंच, मास्टर आणि स्लेव्ह असेच शब्द होते. कोण कोण ते मागच्या बाजूच्या एवढ्याशा जंपरने ठरवायचं. दोघांचेही जंपर 'मालक' केले की दोन्ही दिसेनासे होण्याची पाळी. २००३ च्या सुमारास साटा नावाची पातळ केबल आली. तिच्यात एका केबलवर एकच साधन. मालक-गुलाम संपलं, जंपर संपला. फक्त हे तोंड फार हलकं, त्याला धरून ठेवणारी एवढीशी पत्र्याची क्लिप. ती नसली तर नुसत्या धक्क्याने केबल सैल होते. आणि सैल केबलचं दुखणं वाईट. कधी दिसतं, कधी नाही.

माझा संगणक २००९ चा, म्हणजे साटाचा. दिवाळीत पुतण्या आला होता, तेव्हा त्याने जुनी डिस्क काढून नवी वेगवान एसएसडी बसवली होती. खोका उघडून फोनवर त्याला वर्णन करून सांगितलं. तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "काका, नव्या डिस्कबरोबर केबल नव्हती आली. मी ड्राईव्हची चांगली केबल डिस्कला लावली आणि ड्राईव्हला जुनी लावली. तिची क्लिप तुटलेली होती. तुम्ही कुठं सीडी वापरताय असं वाटलं." त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याची गरज संपली असं आपल्याला वाटतं, त्याला तुटकी केबल मिळते. घरात काय आणि गावात काय.

बाजारातून नवी केबल आणली. संगणक बंद करून, भिंतीतला प्लग काढून, आधी खोक्याच्या पत्र्याला हात लावून (अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून) ती दोन्हीकडे नीट बसवली. 'टक्' असा आवाज आला. बायोसच्या यादीत ड्राईव्ह आला. आमच्या सौ. म्हणाल्या, "एवढ्यासाठी चार दिवस?"

पण गंमत पुढेच आहे. वहीतली आज्ञा पुन्हा टाइप केली, तर उत्तर तेच! 'एचडीसी' अस्तित्वात नाही.

म्हणजे आता ड्राईव्ह होता, वीज होती, केबल होती, बायोसच्या हजेरीत नाव होतं, आणि तरीही लिनक्स नाही म्हणत होतं. इथे मात्र चूक माझ्या वहीची होती. ती समजून घ्यायला ड्राईव्हच्या नावांचा इतिहास पाहावा लागतो.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सीडी ड्राईव्ह ही नवलाई होती आणि प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी. मित्सुमीची वेगळी, सोनीची वेगळी, पॅनासोनिकची वेगळी. लिनक्समध्येही प्रत्येकासाठी वेगळा चालक-कार्यक्रम, प्रत्येकाचं वेगळं नाव. मग त्या दशकाच्या मध्याला सीडी ड्राईव्हही हार्ड डिस्कच्याच केबलवर बसायला लागला. त्या केबलवरच्या सगळ्यांना लिनक्स 'एचडी' म्हणे, म्हणजे हार्ड डिस्क. पहिल्या केबलवरचा मालक ए, गुलाम बी. दुसऱ्या केबलवरचा मालक सी, गुलाम डी. सीडी ड्राईव्ह बहुतेक घरांत दुसऱ्या केबलचा मालक असे, म्हणून तो 'एचडीसी'. हार्ड डिस्क नसूनही त्याचं नाव हार्ड डिस्क!

त्याच वेळी महागड्या संगणकांत स्कझी नावाची दुसरी जोडणी होती. तिच्यावरच्या सीडी ड्राईव्हला लिनक्स 'एसआर' म्हणे. पहिला म्हणून एसआर-शून्य. आता यातली मजा बघा. हार्ड डिस्कच्या केबलवर बसलेला आपला स्वस्तातला सीडी ड्राईव्ह आतून भाषा बोलत होता ती स्कझीचीच! केबल एकाची, भाषा दुसऱ्याची. म्हणूनच लिनक्सच्या २.४ आवृत्तीच्या काळात सीडी लिहायची असेल, तर ड्राईव्हला स्कझीचं सोंग घ्यायला लावावं लागे. २००३ च्या डिसेंबरात २.६ आली, तेव्हा ते सोंग लागेनासं झालं. मग २००६-०७ च्या सुमारास लिनक्सच्या लोकांनी सगळ्याच डिस्क-ड्राईव्हसाठी नवी, एकच व्यवस्था लावायला घेतली, आणि तिच्यात एचडीसीचा झाला एसआर-शून्य. ड्राईव्ह तोच, जागा तीच, काम तेच. नोंद वेगळ्या नावाने. जुनी व्यवस्था पुढे बरीच वर्षं अडगळीत पडून होती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ५.१४ या आवृत्तीतून ती काढून टाकली.

माझी वही २००६ ची. तेव्हा माझ्याकडे जुन्या जोडणीचा संगणक होता. त्यानंतर मी सीडी कधी आज्ञा देऊन जोडलीच नाही, खिडकीत आपोआप दिसायची. त्यामुळे नाव बदललंय याचा मला पत्ता नाही. मी जुन्या नावाने हाक मारत होतो आणि ओ कोणी देत नव्हतं.

इथे मला थांबायला झालं. कारण ही गोष्ट मी आधी एकदा पाहिली होती, आणि तेव्हा मी यादी हातात धरून बसलेला होतो.

१९७२ साली मी बावीस वर्षांचा. बी.ए. होऊन घरी बसलेलो, शिक्षकाची नोकरी लागायची होती. लागोपाठच्या वर्षांत पाऊस कमी कमी होत गेला होता आणि त्या साली तर पुरताच गेला. विहिरी आटल्या, जनावरं मातीमोलाने गेली. सरकारने दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. अमेरिकेहून आलेली लाल मिलो आणि सुकडी खाऊन ती उन्हात माती वाहत होती. आमच्या तालुक्यातल्या एका पाझर तलावावर मी मस्टर लिहायला होतो. सकाळी हजेरी, आठवड्याने पगार.

टोळीतला कोणी एक सगळ्यांची नावं सांगे, मी लिहून घेई. एका आठवड्याच्या पगाराला एक तरुण बाई पुढे आल्या. नाव सांगितलं. मी यादी वरून खाली पाहिली. म्हटलं, "या नावाची बाई यादीत नाही." त्या म्हणाल्या, "रोज येतेय की." मागे रांग होती, ऊन होतं, मुकादम घाई करत होता. मी म्हटलं, "नाव नाही म्हणजे नाही. पुढं चला."

नाव होतं. त्यांच्या भावाने टोळीची नावं दिली होती आणि बहिणीचं नाव त्याने माहेरचं सांगितलं होतं. बाईंनी सांगितलं सासरचं. लग्नात पहिलं नावही बदललेलं, तेव्हा दोन्हींत काहीच सारखं नाही. सकाळची हजेरी मुकादम डोकी मोजून सांगे, मी ती नावांवर बसवत असे. माहेरच्या नावाला तो आठवडा कोणी ओ देईना, म्हणून मी तिथे गैरहजर लिहीत गेलो. म्हणजे कागदावर एक बाई होती जी कामावर नव्हती, आणि कामावर एक बाई होती जी कागदावर नव्हती. दोघी एकच आहेत हे पाहायला दोन मिनिटं पुरली असती. पुढच्या आठवड्यात भावाने येऊन नाव दुरुस्त करून घेतलं. पण त्या आठवड्याचं मस्टर बंद झालं होतं. सहा दिवसांची मजुरी गेली ती गेलीच.

त्या बाई म्हणजे चौथ्या सीडीवरच्या आजी.

हे मला १९९६ साली टेप ऐकताना कळलं. वर्गात मुलं टेप ऐकत होती, मी खुर्चीवर बसलो होतो. त्यांनी लिहिणाऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. दुष्काळाची कारणं आणि परिणाम फळ्यावर लिहिले आणि तास संपवला.

तर, आज्ञेत नाव बदलून एसआर-शून्य घातलं. ड्राईव्हने ओ दिली. पण सीडी जोडली जाईना! आता तक्रार वेगळी. या चकतीवर फाइलींची व्यवस्था ओळखता येत नाही, अशा अर्थाची. मला वाटलं, सीडी गेली. छातीत धस्स झालं.

सीडी गेली नव्हती. याचंही उत्तर इतिहासातच आहे. सीडी मुळात संगणकासाठी जन्मलीच नव्हती. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ती गाण्यांसाठी बनवली, तिचे नियम १९८० मध्ये ठरले आणि १ ऑक्टोबर १९८२ ला जपानात पहिला वादक-यंत्रासकटचा संच विक्रीला आला. तिच्यावर फाइल नावाचा प्रकार नसतो. सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला आवाज, एका लांबलचक सर्पिल रेषेत, आतून बाहेर लिहिलेला, आणि सुरुवातीला कोणतं गाणं कुठे सुरू होतं याची अनुक्रमणिका. बस्स. फाइलींची शिस्त नंतरची, तिचं सर्वमान्य प्रमाण १९८८ चं. स्टुडिओवाल्याने आमच्या सीडी घरच्या प्लेअरवर वाजाव्यात म्हणून गाण्यांच्या पद्धतीने लिहिल्या होत्या. त्यांना फाइल म्हणून जोडायला जाणं म्हणजे पोवाड्याला सातबारा मागण्यासारखं. अशी सीडी जोडायची नसते, सरळ वाजवायची किंवा आवाज उतरवून घ्यायचा.

त्यासाठी लिनक्समध्ये 'सीडी-पॅरानॉइया' नावाचा जुना कार्यक्रम आहे. पॅरानॉइया म्हणजे संशयाचा आजार, आणि कार्यक्रम आहेही तसाच. प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा वाचतो, शेजारच्या तुकड्याशी ताडून पाहतो, जुळला तरच पुढे जातो. असा संशयी विद्यार्थी मला पस्तीस वर्षांत दोनदाच भेटला. गाण्यांच्या सीडीला हे लागतंच, कारण माहितीच्या सीडीवर चूक दुरुस्त करणारा जो जादा मजकूर असतो तो गाण्यांच्या सीडीवर नसतो. गाण्यात एखादा कण गेला तर कानाला कळत नाही, असा त्यामागचा हिशेब.

सहापैकी चार सीडी स्वच्छ उतरल्या. दुसरी अर्धी उतरली. चौथीला सगळ्यात जास्त वेळ लागला, रात्रभर. घरी लिहिलेल्या सीडीत खड्डे नसतात, रंगाचा एक थर असतो, लेझरने तो जागोजागी जाळून मजकूर लिहितात. ऊन, उष्णता आणि वर्षं यांनी तो रंग विटतो. आमची ट्रंक पत्र्याच्या खोलीत, आणि कर्जतचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. दोन ठिकाणी आवाज तुटला आहे, बाकी सगळं आलं.

मोडी कागदांची गोष्ट मी वर्गात नेहमी सांगत असे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गावोगाव फिरून गोळा केली, पहिला खंड १८९८ साली काढला. पेट्यांत, माळ्यांवर दप्तरं पडलेली होती, पण ती जमवणारा आणि वाचणारा माणूस लागला. आज कित्येक घरांत मोडी कागद आहेत आणि मोडी वाचणारं कोणी नाही. कागद शाबूत, दार बंद. सीडीचं तसंच होत चाललंय. नव्या लॅपटॉपांना ड्राईव्हच नसतो. लग्नांच्या, मुंजींच्या, आजोबांच्या एकसष्टीच्या सीडी कपाटात शाबूत असतील, पण वाचणारं यंत्र पुढच्या दहा वर्षांत शोधावं लागेल. ते यंत्रही नुसतं असून भागत नाही. ड्राईव्हमध्ये सीडीचा आणि डीव्हीडीचा लेझर वेगवेगळा असतो. सीडीचा दुबळा झाला की ड्राईव्ह डीव्हीडी वाचतो आणि सीडी नाकारतो, आणि आपण सीडीला दोष देतो.

या कामाचा चांगला दाखलाही आपल्या महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्याहून खेडोपाडी फिरून, सहकाऱ्यांच्या मदतीने, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. त्या टिकल्या त्या कुठल्या एका चकतीच्या भरवशावर नव्हे. त्या लिहून घेतल्या, वर्गवारी केली, गाणारीचं नाव-गाव जोडलं, प्रती केल्या, आणि २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या सगळ्यांना ऐकता-वाचता येऊ लागल्या. मी काय केलं? सहा सीडी जाळल्या, ट्रंकेत ठेवल्या आणि काम झालं म्हटलं. वीस वर्षं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

सकाळी आजींचा तुकडा ऐकला. अकरा मिनिटांचा आहे. मिलोच्या भाकरीबद्दल आहे, विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरण्याबद्दल आहे. मध्ये एका ठिकाणी म्हणतात, "माझं नाव नाही म्हनं कागदावर. आन् मी तर म्होरंच उभी व्हते." आणि हसतात. १९९६ साली त्या हसल्याचं माझ्या लक्षात नव्हतं.

मुलीला फाइल पाठवली. सोबत दोन ओळी लिहिल्या, की यात ज्या कागदाचा उल्लेख आहे तो लिहिणारा मी होतो. लिहायला संध्याकाळ लागली. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. टेपबद्दल बोलला, आईचा आवाज ऐकून घरात सगळे कसे रडले ते बोलला. मग म्हणाला, "सर, आईला माहीत होतं. तुमच्या वर्गात मला घातलं तेव्हाच तिनं ओळखलं होतं." मी विचारलं, "मग ती कधी बोलली का नाही?" तो म्हणाला, "तुम्हीच विचारलं नाही ना सर." हे त्याने रागाने म्हटलं नाही. साधंच म्हटलं. त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ ची, तिचा कायदा १९७७ चा. मागेल त्याला काम, हा हक्क त्या कायद्याने दिला. पण हक्क कोणाचा ते शेवटी यादीवरच ठरतं, आणि यादी लिहिणारा एखादा बावीस वर्षांचा पोरगा असतो, ज्याला ऊन लागत असतं.

आता कामाचं. भावकीतल्या आणि ओळखीच्या मंडळींनो, ज्यांच्याकडे जुन्या सीडी असतील त्यांनी या उन्हाळ्याच्या आत त्या उतरवून घ्या. ड्राईव्ह दिसत नसेल तर क्रम ध्यानात ठेवा. खण उघडतो का, बायोसच्या यादीत आहे का, केबल घट्ट आहे का, लिनक्समध्ये नाव कोणतं आहे, आणि सीडी गाण्यांची की फाइलींची. ज्यांना जमणार नाही त्यांनी सीडी घेऊन कर्जतला यावं. माझा ड्राईव्ह सध्या चालू आहे, चहाही मिळेल. उतरवलेल्या आवाजाच्या निदान दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवा, आणि बोलणारं माणूस कोण, कुठलं, ते फाइलीच्या नावातच लिहा. बाईमाणूस असेल तर माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहा.

बाकीच्या पाच सीडींवर आणखी एकवीस माणसं आहेत. त्यांच्या मुलानातवंडांचा शोध घ्यायला सुरुवात केली आहे. कोणाचे पत्ते लागले ते पुढच्या वेळी लिहीन. तांत्रिक गोष्टींत माझं काही चुकलं असेल तर जाणकारांनी जरूर सांगावं.

चूभूद्याघ्या.